महागडा लॉनमोवर: किंमत नेमकी कशाची आणि ती कोणाला परवडते?

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा, म्हणजे भूजलात क्षारांचे प्रमाण जास्त असलेला प्रदेश, पसरलेला आहे, त्यात शेगाव तालुक्याचाही भाग येतो. आणि अशा प्रदेशात काळ्या, भेगाळणाऱ्या मातीवर व पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या वैशाखात हिरवळ राखणे हे मुळातच पाण्याचे, श्रमाचे आणि पैशाचे काम असते. तरीही शेगावात लॉन आहेत आणि ती जिव्हाळ्याने जपली जातात. श्री गजानन महाराज संस्थानाने सुमारे २०० एकरांवर उभारलेले आनंद सागर उद्यान, १९८३ साली स्थापन झालेल्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारखी विस्तीर्ण परिसराची शिक्षणसंस्था, मंगल कार्यालयांपुढची मोकळी जागा आणि अलीकडे बांधलेल्या बंगल्यांसमोरचा हिरवा तुकडा, या सगळ्यांची गरज वरवर एकच, म्हणजे गवत कापण्याची, दिसत असली तरी यंत्राच्या दृष्टीने ती एक नाही. मागून चालत ढकलायच्या लॉनमोवरची किंमत काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जाते, आणि या अंतराविषयी जे समज रूढ आहेत त्यांतील बरेचसे एकाची गरज दुसऱ्यावर लादल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

सर्वांत दृढ समज असा की महाग यंत्राने कापलेले गवत अधिक देखणे दिसते. वस्तुस्थिती अशी की गवताला यंत्राची किंमत कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती फक्त पात्याची धार आणि कापणीची उंची. कापणीच्या मूळ पद्धती दोन आहेत. पहिली रुळाची: १८३० साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग याने, गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन, जो पहिला लॉनमोवर बनवला तो याच जातीचा होता, आणि त्यात फिरत्या रुळावरची वळणदार पाती खालच्या स्थिर पात्याला घासून जात गवत कातरतात. दुसरी फिरत्या आडव्या पात्याची, जिच्यात एकच पाते मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्या घेत केवळ वेगाच्या जोरावर गवताला छेद देते. त्यामुळे दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा आखूड, गालिच्यासारखी दाट राखलेली ‘सिलेक्शन’ किंवा ‘मेक्सिकन’ जातीची हिरवळ स्वस्तातला हातरुळही स्वच्छ कातरतो, तर फिरत्या पात्याचे यंत्र, ते कितीही महाग असले तरी, धार गेल्यावर पात ओरबाडते आणि तिचे फाटलेले टोक एक-दोन दिवसांत करडे पडते. लॉन पिवळे दिसू लागले की खत कमी पडले असे मानून युरिया टाकला जातो. प्रत्यक्षात अनेकदा पाते उतरवून त्याला धार लावणे आणि त्याचा तोल तपासणे एवढेच पुरेसे असते. मात्र हातरुळाचीही मर्यादा आहे: श्रावणात पंधरा दिवस सुटलेली, गुडघ्याकडे झेपावणारी हरळी त्याच्या आवाक्यात येत नाही, आणि एखादा खडा पात्यांत अडकला तर धारेला खाच पडते.

दुसरा समज अश्वशक्तीचा. इंजिनावर छापलेला आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले, ही धारणा विक्रेत्यांनीच जोपासलेली आहे. अमेरिकेत या आकड्यांविषयी निर्मात्यांवर सामूहिक दावे दाखल झाले, त्यांत २०१० साली साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि त्या वादानंतर अनेक कंपन्या अश्वशक्तीऐवजी इंजिनाचे घनफळ किंवा ‘टॉर्क’, म्हणजे दांड्याला पीळ देणारे बल, छापू लागल्या. साधारण २१ इंची, म्हणजे ५३ सेंटिमीटर रुंदीच्या यंत्राला १६० घनसेंटिमीटरच्या आसपासचे इंजिन पुरेसे होते. त्याहून मोठ्या इंजिनाचा उपयोग ओल्या, दाट गवतात होतो, पण ओल्या काळ्या मातीत मुळात यंत्र उतरवूच नये, कारण चाकांच्या चाकोऱ्या उमटतात, त्या उन्हात कडक होतात आणि पुढच्या कापणीत उंचवट्यावरचे गवत मुळापासून सोलले जाते.

मग जास्तीचा पैसा जातो कुठे? हा प्रश्न शेगावच्या ग्राहकाने खोलात जाऊन विचारण्यासारखा आहे, कारण उत्तराचा काही भाग इथल्या परिस्थितीत खरोखर मोलाचा ठरतो. महाग इंजिनात ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून बिडाच्या लोखंडाचे अस्तर असते, त्यामुळे धूळ आत गेली तरी सिलिंडरची भिंत सावकाश झिजते. पात्यावरचे आवरण, ज्याला डेक म्हणतात, स्वस्त यंत्रात दाबलेल्या पोलादी पत्र्याचे असते, तर महाग यंत्रात ओतीव ॲल्युमिनियमचे किंवा कणखर प्लास्टिकचे असते. आणि खाऱ्या पाण्यावर वाढवलेल्या गवताचा ओला चोथा पोलादी पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटून राहिला तर तो पत्रा लवकर गंजतो, म्हणून खारपाणपट्ट्यात हा फरक पुण्या-नाशिकपेक्षा अधिक जाणवणारा आहे. याशिवाय चाकांना बेअरिंग, चाके स्वतः ओढणारी गिअरपेटी, आणि ‘ब्लेड-ब्रेक क्लच’, म्हणजे इंजिन चालू ठेवून फक्त पाते थांबवणारी योजना, यांचा खर्च असतो. या शेवटच्या सोयीमुळे गवताची थैली रिकामी करताना प्रत्येक वेळी दोरी ओढून इंजिन पुन्हा सुरू करावे लागत नाही. दिवसभर काम करणाऱ्या माळ्याच्या खांद्याच्या दृष्टीने ती चैनीची वस्तू नाही. चाकांच्या स्वयंचलनाबाबतही तेच: तीस-पस्तीस किलोचे यंत्र भरलेल्या थैलीसह चार तास भुसभुशीत जमिनीवर ढकलणे हे उन्हाळ्यात माणसाच्या प्रकृतीवर घातलेले ओझे आहे, आणि संस्थांनी खरेदीचा विचार करताना यंत्र चालवणाऱ्या माणसाचा हा हिशेब सहसा धरलेलाच नसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून निर्णयाचा खरा आधार दर्जापेक्षा तासांचा आहे. शेगावच्या हवामानात पावसाळ्याचे सोळा आठवडे दर आठवड्याला, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाणी मिळाल्यास महिन्यातून एकदा असे धरले तर वर्षाला सुमारे २८ कापण्या होतात. ५३ सेंटिमीटरचे यंत्र पट्टे एकमेकांवर चढवत, वळणे घेत आणि थैली रिकामी करत तासाला अंदाजे १,२०० चौरस मीटर कापते. बंगल्यापुढचे २,००० चौरस फुटांचे, म्हणजे १८६ चौरस मीटरचे लॉन कडाकोपरे धरून पाव तासात होते. वर्षाचे काम सात तासांचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत या आकाराच्या इंजिनांसाठी टिकाऊपणाचे १२५, २५० आणि ५०० तास असे तीन वर्ग आहेत, म्हणजे तेवढे तास चालल्यावरही इंजिनाचा धूर मर्यादेत राहील अशी हमी निर्मात्याने द्यायची असते; ते इंजिनाचे मरणाचे तास नव्हेत, पण तुलनेसाठी विश्वासार्ह माप आहे. सर्वांत खालच्या वर्गातले इंजिनही त्या बंगल्याला १८ वर्षे पुरते. उलट अर्धा हेक्टर हिरवळ असलेल्या संस्थेत एका कापणीला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, वर्षाला सुमारे ११७ तास भरतात, आणि स्वस्त यंत्राची हमी पहिल्याच वर्षात जवळजवळ संपते, तर ५०० तासांचे यंत्र चार वर्षे ओलांडते. दोन हेक्टरांवर तर वार्षिक काम ४६० तासांच्या वर जाते. तिथे मागून चालायचे यंत्र, मग ते कितीही उत्तम असो, चुकीचे साधन ठरते आणि बसून चालवायच्या यंत्राचाच विचार करावा लागतो. थोडक्यात, घरगुती लॉनसाठी लाखाच्या घरातले यंत्र घेणे म्हणजे न वापरल्या जाणाऱ्या तासांची किंमत मोजणे होय, आणि अर्ध्या हेक्टरसाठी ते न घेणे ही खोटी काटकसर होय.

विजेवरची यंत्रे कमकुवत असतात हा समजही या हिशेबापुढे टिकत नाही. सात तासांच्या वार्षिक कामाला वायरीचे विजेचे यंत्र पुरते. त्यात कार्ब्युरेटर नाही, तेलबदल नाही, आणि इंधन शिळे होण्याचा प्रश्न नाही. फक्त ओल्या गवतात ते चालवू नये, वायर नेहमी कापलेल्या भागाकडे ठेवावी, आणि घराच्या जोडणीत गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी असल्याची खात्री करावी. बॅटरीच्या यंत्रांविषयी मात्र शंका अंशतः योग्य आहे: लिथियम-आयन बॅटरीचे चार्जर साधारणपणे ४० ते ४५ अंशांच्या पुढे चार्जिंग करू देत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी दुपारी भरेलच असे नाही, ती पहाटे किंवा रात्री, घराच्या थंड भागात भरावी लागते. पेट्रोलचे युग संपलेच आहे असेही मानू नये. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्यान्वये लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांवर २०२४ पासून निर्बंध आणले आणि होंडाने २०२३ मध्ये अमेरिकेतील आपल्या पेट्रोल लॉनमोवरचे उत्पादन थांबवले हे खरे. पण शेगावचा ग्राहक ज्या बाजारातून खरेदी करतो तिथे पेट्रोल यंत्र आणि त्याचे सुटे भाग आजही मिळतात.

सुट्या भागांचा मुद्दा नावाच्या मोहामुळे मागे पडतो. नामांकित यंत्र घेतले की देखभालीची चिंता मिटली असे मानणाऱ्याने खरेदीपूर्वीच पाते, पट्टा, एअर फिल्टर आणि दोरीची स्प्रिंग या चार वस्तू खामगावात किंवा अकोल्यात कोणाकडे, किती दिवसांत मिळतात हे विचारून घ्यावे. जे इंजिन फवारणी पंपावर, पाणी उपसण्याच्या संचावर किंवा छोट्या मशागत यंत्रावरही बसवलेले असते, ते गावातल्या मिस्त्रीच्या हाताखालून गेलेले असते. केवळ महानगरातल्या केंद्रात दुरुस्त होणारे उत्तम यंत्र पावसाळ्यात तीन आठवडे बंद राहिले तर तेवढ्यात हरळीला तुरे येतात.

कापलेले गवत थैलीत गोळा करून उचलले नाही तर लॉन कुजते, हा समज थैलीच्या यंत्रांची विक्री वाढवतो. कातरलेल्या कोवळ्या पातीचा बहुतांश भाग पाणी असतो, ती लवकर कुजते आणि तिच्यातला नत्र जमिनीला परत मिळतो; मुळांजवळ साचणारा जाड थर मुख्यतः खोडे आणि मुळे यांच्या चिवट तंतूंचा असतो, कापलेल्या पातीचा नव्हे. एका वेळी पातीच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही, ही शिस्त पाळली तर बारीक तुकडे लॉनवरच राहू देणे हितकारक असते. थैली लागते ती ओल्या दिवसांत, गठ्ठे पडू लागल्यावर. आखूड कापले की वारंवार कापावे लागत नाही ही कल्पनाही याच नियमाने खोटी ठरते, कारण उन्हाळ्यात टक्कल केलेल्या हिरवळीची मुळे उथळ राहतात आणि माती उघडी पडते. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरले तरी शंभर चौरस मीटरला ६०० लिटर लागतात, आणि टंचाई ओळखीची असलेल्या या गावात कापणीची उंची चार सेंटिमीटरपर्यंत वाढवून ठेवणे हा यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा निर्णय आहे. म्हणून उंची बदलण्याचा खटका सोपा आणि पक्का आहे की नाही, हे दुकानात सर्वप्रथम पाहावे.

सुरक्षिततेत मात्र काटकसरीला जागा नाही. फिरत्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला नव्वद मीटरांच्या पुढे जाऊ शकतो आणि त्या वेगाने उडालेला खडा डोळा फोडू शकतो. अमेरिकेत १९८२ पासून लागू असलेल्या नियमानुसार दांड्यावरची पट्टी सोडताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. यंत्र स्वस्त असो वा महाग, ही पट्टी आणि मागचा संरक्षक पडदा नसेल तर ते घेऊ नये, आणि असलेली पट्टी दोरीने बांधून ठेवण्याची रीत तर कोणत्याही संस्थेने चालू देऊ नये.

शेवटचा गैरसमज इंधनाचा, म्हणजे पेट्रोल कोणतेही आणि कितीही जुने चालते हा, आणि महाग यंत्रेही अनेकदा बिघडतात ती यामुळे. देशातील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, तर लहान इंजिनांच्या अनेक माहितीपुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमुळे कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकट थराने बुजतात. त्यामुळे विकत घेताना पुस्तिकेत २० टक्के मिश्रण चालते असे लिहिले आहे का ते वाचावे, आणि फाल्गुनात लॉन सुस्तावले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, तेल बदलावे, डेकच्या आतला चोथा खरवडून काढावा आणि पात्याला धार लावूनच यंत्र झाकून ठेवावे, म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसानंतर ते पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होते.