उशिरा येणारा लेफ्टनंट

सरकारी कचेऱ्यांमधला वेळ आणि पैसा कुठे वाया जातो, हे शोधून काढण्यासाठी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागाने १९५०च्या दशकात एका तरुणाला नोकरीवर घेतलं. सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची मास्टर्स पदवी घेऊन तो नुकताच बाहेर पडला होता. हुद्दा भारदस्त, काम कार्यक्षमता वाढवण्याचं. पहिल्याच दिवशी या तज्ज्ञाला हार्टफर्ड शहरात आपलं ऑफिस कोणत्या इमारतीत आहे हेच सापडेना, आणि साहेब उशिरा पोचले. पुढे आयुष्यभर हा किस्सा तो स्वतःच हसत हसत सांगत असे.

या तरुणाचं नाव पीटर फॉक. चुरगळलेला रेनकोट, बोटांत अर्धवट जळालेला सिगार आणि चेहऱ्यावर कायम काहीतरी घरी विसरून आल्याचा भाव, अशा वेषातला त्याचा लेफ्टनंट कोलंबो जगभरच्या टीव्हीवर पोचला. त्या वेषातलं सोंग किती आणि खुद्द फॉक किती, हे त्याच्या आधीच्या आयुष्याकडे पाहिलं की कळायला लागतं.

फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. तो वाढला मात्र हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग गावात. हे गाव ओळखलं जातं ते सिंग सिंग तुरुंगामुळे. वडिलांचं तिथे कपड्यांचं दुकान होतं. पीटर तीन वर्षांचा असताना त्याच्या उजव्या डोळ्याला कर्करोग झाला, डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा बसवला गेला. फॉक पडद्यावर समोरच्याकडे मान तिरकी करून, जरा डोळे बारीक करून पाहतो. ती लकब कुठल्याही अभिनयशाळेतली नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेली ती गरज आहे.

म्हणून तो बिचारा मुलगा होता असं मात्र समजू नये. शाळेत तो खेळाडू होता, शेवटच्या वर्षी वर्गाचा अध्यक्षही झाला. एका बेसबॉल सामन्यात पंचाने त्याला चुकीचं बाद दिलं, तेव्हा त्याने काचेचा डोळा काढून सरळ पंचापुढे धरला. याची गरज तुम्हालाच जास्त आहे, असा त्याचा अर्थ. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक खदखदून हसले. आपल्यातलं न्यून लपवत बसण्यापेक्षा ते समोरच्याच्या हातात ठेवावं, म्हणजे क्षणभर तोच गोंधळतो. ही युक्ती त्याला शाळेतच सापडली होती.

महायुद्धाच्या अखेरीस सैन्यात जायचं म्हटलं तर डोळा आडवा आला. मग तो व्यापारी जहाजावर आचारी म्हणून गेला. जहाजावर नीट दिसण्याची गरज फक्त कप्तानाला असते, आणि टायटॅनिकच्या कप्तानाला तेही जमलं नाही, असं तो म्हणे. परतल्यावर कॉलेजं बदलत बदलत १९५१ मध्ये पदवी मिळवली. मग युरोपात भटकंती, युगोस्लाव्हियात सहा महिने रेल्वेच्या बांधकामावर मजुरी. सीआयएमध्येही त्याने अर्ज केला होता. पण जहाजावर असताना तो ज्या आचाऱ्यांच्या युनियनचा सभासद होता, ती डाव्या विचारांची मानली जात असल्याने तिथली वाट बंद झाली. गुप्तहेर खात्याने नाकारलेला माणूस पुढे पडद्यावरचा नामांकित तपास अधिकारी व्हावा, हे एखाद्या लेखकाने रचलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून आणलेलं म्हणालो असतो.

हार्टफर्डच्या नोकरीत तो संध्याकाळी हौशी नाटकं करायचा. त्याच सुमारास इव्हा ल गॅलियन ही मोठी रंगकर्मी वेस्टपोर्टला व्यावसायिक नटांसाठी अभिनयाचे वर्ग घेत होती. फॉक व्यावसायिक नट असल्याची थाप मारून त्यात घुसला. हार्टफर्डहून गाडी हाकत यायचं, त्यामुळे दर वेळी उशीर. एकदा बाईंनी कारण विचारलं. हार्टफर्डहून येतो म्हटल्यावर त्या चकरावल्या, कारण नटाने पोट भरावं असं नाटक हार्टफर्डमध्ये कुठे होतं? फॉकला खरं सांगावं लागलं की आपण नट नाही, सरकारी नोकर आहोत. त्यावर बाई म्हणाल्या, मग तुम्ही नट व्हायला हवं. त्याने नोकरीचा राजीनामा दिला, न्यूयॉर्क गाठलं आणि १९५६ मध्ये यूजीन ओनीलच्या ‘द आइसमन कमेथ’च्या गाजलेल्या ऑफ-ब्रॉडवे प्रयोगात जेसन रोबार्ड्सबरोबर काम केलं. त्या वेळी तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे याही धंद्यात तो उशिराच आला.

हॉलिवूडचा पहिला अनुभव कडवट होता. कोलंबिया स्टुडिओचा मालक हॅरी कोन याने त्याची स्क्रीन टेस्ट घेतली आणि एवढ्याच पैशात मला दोन डोळ्यांचा नट मिळतो, असं सांगून वाटेला लावलं. पण ‘मर्डर, इंक.’ (१९६०) या सिनेमात एब रेलिस या खऱ्याखुऱ्या भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका त्याने इतक्या थंडपणे केली की थेट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’साठी पुन्हा नामांकन. ऑस्कर दोन्ही वेळा हुकलं. १९६२ मध्ये टीव्हीवरच्या ‘द प्राइस ऑफ टोमॅटोज’ या नाट्यात त्याने टोमॅटो वाहून नेणारा ट्रकवाला रंगवला आणि पहिलं एमी पारितोषिक मिळवलं.

लेफ्टनंट कोलंबो मात्र फॉकसाठी जन्मलेला नव्हता. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे फिलाडेल्फियाचे शाळूसोबती जोडीने लिहीत. त्यांनी १९६० मध्ये टीव्हीवर हे पात्र आणलं, तेव्हा ते बर्ट फ्रीडने केलं. मग रंगभूमीवर थॉमस मिचेलने केलं. १९६८च्या ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ या टीव्हीपटासाठी बिंग क्रॉस्बीला विचारणा झाली होती, पण त्याने नकार दिला. लेखकांच्या डोक्यात पोक्त वयाचा माणूस होता. चाळिशीचा फॉक त्यांना कोवळा वाटत होता. त्याने स्वतःच ही भूमिका मागून घेतली.

या लेखकांनी एक जुनी पण टीव्हीवर फारशी न रुळलेली पद्धत उचलली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने रहस्यकथा उलटी लिहून पाहिली होती. खून आधी वाचकाच्या डोळ्यांसमोर होतो, खुनी कोण हे कळतं, आणि मग डिटेक्टिव्ह येतो. ‘कोलंबो’तही पहिली पंधरा-वीस मिनिटं नायकाचा पत्ताच नसतो. एखादा नामवंत सर्जन, लेखक, संगीतकार किंवा राजकारणी बिनचूक आखणी करून खून करतो, पुरावे पुसतो, साक्षीदार तयार ठेवतो. मग आपली खटारा प्यूजो गाडी घेऊन लेफ्टनंट उगवतो. नायक प्रत्येक भागात उशिरा पोचतो अशी मालिका चालवणं धाडसाचंच होतं.

खुनी कोण हा प्रश्नच निकालात निघाल्यावर उरतात फक्त दोन माणसं आणि त्यांचं बोलणं. पाठलाग नाही, गोळीबार नाही, कोलंबो तर पिस्तुलाच्या वाटेलाही सहसा जात नाही. म्हणजे सगळा भार अभिनयावर. इथे गुन्हेगाराच्या भूमिकेलाही तोडीस तोड नट लागतो. रॉबर्ट कल्प, जॅक कॅसिडी, पॅट्रिक मॅकगूहन हे पुन्हा पुन्हा खुनी म्हणून आले. ‘स्टार ट्रेक’चा लेनर्ड निमॉय, गायक जॉनी कॅश, विनोदवीर डिक व्हॅन डाइक यांनीही खून केले. मॅकगूहनला तर या मालिकेतल्या खुन्यांसाठी दोनदा एमी मिळालं.

एनबीसी वाहिनीवर १५ सप्टेंबर १९७१ रोजी नियमित मालिका सुरू झाली. पहिला भाग ‘मर्डर बाय द बुक’. दिग्दर्शक होता २४ वर्षांचा स्टीव्हन स्पिलबर्ग.

कोलंबोच्या वेषभूषेचा मोठा वाटा फॉकच्या स्वतःच्या कपाटातून आला. न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडला असताना पंधरा डॉलरला घेतलेला रेनकोट त्याने घरून आणला. ऊन रखरखणाऱ्या लॉस एंजेलिसमध्ये बारा महिने रेनकोट घालणारा पोलीस, एवढ्यानेच अर्धं पात्र उभं राहतं. गाडी त्याने स्टुडिओच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात पडलेल्या गाड्यांतून निवडली. लेखकांनी कुत्रा सुचवला तेव्हा मात्र तो कुरकुरला. एवढी सगळी सोंगं असताना आणखी कुत्रा कशाला? मग समोर एक पेंगुळलेला, लाळ गाळणारा बॅसेट हाउंड आणला गेला आणि फॉकचा विरोध मावळला.

कोलंबो दारापर्यंत जातो, गुन्हेगार सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि लेफ्टनंट कपाळाला हात लावून परत वळतो, फक्त आणखी एक गोष्ट विचारायला. या सुप्रसिद्ध सवयीचा उगम मजेशीर आहे. लेव्हिन्सन आणि लिंक नाटक लिहीत असताना एक प्रवेश लवकरच संपला. लेफ्टनंट बाहेरही पडला, आणि एक प्रश्न विचारायचा राहून गेला. सगळं पान टंकलेखन यंत्रावर पुन्हा बडवायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी त्याला दारातून परत आणलं.

त्या आळसाचं सोनं केलं फॉकने. चित्रीकरण चालू असताना संहितेत नसलेलं काहीतरी तो मध्येच काढायचा. खिसे चाचपायचे, पेन्सिल मागायची, भलत्याच विषयावर घसरायचं. समोरचा नट खरोखर गडबडे, चिडे, आणि कॅमेऱ्याला नेमकं तेच हवं असे. कोलंबोची तपासाची पद्धतही हीच आहे. बड्या माणसाच्या बंगल्यात शिरून बायकोच्या भाच्याच्या गोष्टी सांगायच्या, फुलदाणीची किंमत विचारायची, स्वतःला सामान्य, जरा मठ्ठ ठरवून घ्यायचं. समोरचा त्याला कमी लेखतो, त्याला शिकवायला जातो, आणि शिकवता शिकवता जास्त बोलून बसतो. मालिकेतला वर्गसंघर्ष कुणी भाषण करून सांगत नाही. तो गालिच्यावर पडणाऱ्या सिगारच्या राखेत दिसतो.

ही बायको पडद्यावर कधीच आली नाही. एनबीसीला मोह आवरला नाही आणि १९७९ मध्ये त्यांनी तिच्यावर वेगळी मालिका काढली. लेखकद्वयाला आणि फॉकला ती मुळीच पसंत नव्हती. जेमतेम वर्षभरात ती गुंडाळली गेली, ते बरंच झालं.

कोलंबोच्या पहिल्या नावावरून तर कोर्टकज्जा झाला. मालिकेत ते कुणी उच्चारत नाही, फक्त ओळखपत्रावर ‘फ्रँक’ ओझरतं दिसतं. सामान्यज्ञानाचं पुस्तक लिहिणाऱ्या एका लेखकाने उचलेगिरी पकडण्यासाठी त्यात मुद्दाम ‘फिलिप कोलंबो’ असं खोटं नाव पेरलं होतं. ‘ट्रिव्हियल परसूट’ या खेळात नेमकं तेच नाव आलं. त्याने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो हरला. माहितीवर कुणाची मालकी नसते, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. सापळा अचूक होता, चोरही सापडला, पण कायदा आड आला. कोलंबोच्याच एखाद्या भागात शोभावं असं हे प्रकरण.

अर्थसंकल्प विभागातल्या त्या जुन्या सहकाऱ्यांनी फॉकचं सेटवरचं वागणं पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. तो टेकवर टेक मागायचा, संहितेवरून भांडायचा, ठरलेल्या दिवसांत भाग पुरा होत नसे आणि खर्च वाढत जाई. मानधनावरून युनिव्हर्सल स्टुडिओशी त्याची झोंबाझोंबी झाली, १९७४ मध्ये तर तो कामावर येईना. पण याच भूमिकेने त्याला चार एमी मिळवून दिली, आणि प्रेक्षक कमी होत नव्हते.

या पैशाचं त्याने काय केलं, हे सांगायला हवं. १९७० मध्ये त्याने जॉन कॅसाव्हेट्सच्या ‘हजबंड्स’मध्ये काम केलं होतं. कॅसाव्हेट्स स्टुडिओंच्या बाहेर राहून, मित्रांना घेऊन, घर गहाण टाकून सिनेमे करणारा माणूस. त्याच्या ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’मध्ये (१९७४) फॉकने पदरचे पाच लाख डॉलर घातले आणि जीना रोलँड्सच्या नवऱ्याची भूमिकाही केली. बायकोचं मन ढासळत असताना तिच्यावर प्रेमही करणारा आणि ओरडणारा, हातही उगारणारा हा बांधकामावरचा मुकादम आहे. इथे कोलंबोची गोडी नावालाही नाही. ज्यांनी फॉकला फक्त रेनकोटात पाहिलं आहे त्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हेच आहे. त्यानंतर एलेन मेच्या ‘मायकी अँड निकी’त (१९७६) दोघे मित्र पुन्हा एकत्र आले.

१९८७ हे वर्ष विलक्षण होतं. रॉब रायनरच्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये तो आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा झाला. त्याच वर्षी विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये त्याने चक्क पीटर फॉक रंगवला, बर्लिनमध्ये शूटिंगसाठी आलेला अमेरिकन नट. रस्त्यावरची पोरं त्याला कोलंबो म्हणून हाक मारतात. मग कळतं की हा पूर्वी देवदूत होता आणि माणसांसारखी गरम कॉफी प्यावी, थंडीत हात चोळावेत म्हणून त्याने देवपण सोडलं. सिनेमात तो फावल्या वेळात लोकांची रेखाचित्रं काढत बसतो, तो छंद त्याचा खराखुरा होता.

एनबीसीवर १९७८ मध्ये थांबलेला कोलंबो १९८९ मध्ये एबीसीवर परतला आणि २००३ पर्यंत अधूनमधून येत राहिला. सगळे मिळून ६९ भाग झाले. नंतरच्या भागांत जुना कस नाही. कथा लांबतात, लकबी जास्त होतात. तरी शेवटचा भाग केला तेव्हा फॉक पंचाहत्तरीचा होता, हे विसरता येत नाही.

अखेरची वर्षं स्मृतिभ्रंशाची होती. त्याची काळजी कुणी घ्यायची यावरून पत्नी आणि दत्तक मुलगी न्यायालयात गेल्या. २००९ मधल्या सुनावणीत डॉक्टरांनी साक्ष दिली की फॉकला कोलंबो ही भूमिकाही आता आठवत नाही. २३ जून २०११ रोजी बेव्हर्ली हिल्समध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. आजारी बापाला भेटण्यासाठी झगडावं लागलेल्या त्या मुलीने पुढे मोहीम चालवली. पालक नेमलेल्या रुग्णांना भेटण्याचा आणि त्यांच्या प्रकृतीची खबर मिळण्याचा मुलांना काहीएक हक्क देणारे कायदे त्यातून न्यूयॉर्कसह अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी केले. ते ‘पीटर फॉक कायदा’ म्हणूनच ओळखले जातात.

टीव्हीवर तो उलटा साचा अजून वापरात आहे. दिग्दर्शक रायन जॉन्सनने २०२३ मध्ये ‘पोकर फेस’ ही मालिका आणली. तिच्यातही खून आधी होतो आणि नताशा लिओनने केलेली नायिका मागाहून येते. श्रेयनामावलीची पिवळी अक्षरंसुद्धा जॉन्सनने ‘कोलंबो’च्या वळणाची ठेवली. रेनकोट मात्र त्याने नायिकेला दिला नाही.