अल्पमुदत आणि अठरा महिन्यांचा ऊस

हिशेबाच्या व्यवहारात अल्पमुदत म्हणजे बारा महिने असे मानण्याचा प्रघात आहे, आणि ताळेबंदात चालू मत्ता व चालू देणी या सदरांखाली वर्षाच्या आत वसूल होणाऱ्या वा फेडावयाच्या रकमाच येतात, अशी सर्वसाधारण वाचकाची समजूत असते. परंतु ज्या कोल्हापूर जिल्ह्यात जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो, तेथे ही समजूत पहिल्याच बांधावर अडते. बेण्यात आणि खतात घातलेला रुपया येणारा गळीत हंगाम सोडून त्यापुढच्या हंगामात परत येतो, आणि तरीही त्यासाठी घेतलेले पीककर्ज अल्पमुदतीचेच असते.

यात विसंगती नाही. अल्पमुदतीची खरी कसोटी पंचांगात नसून पैशाच्या फेऱ्यात आहे; पैसा मालात गुंतला, माल तयार होऊन विकला गेला आणि पुन्हा पैसा हाती आला, की एक फेरा पुरा होतो. 2013 च्या कंपनी कायद्यातही चालू मत्तेसाठी बारा महिन्यांच्या जोडीला धंद्याचे नेहमीचे उत्पादनचक्र मान्य केलेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्याने व्यापारी हुंड्यांना नव्वद दिवसांची मुदत घातली, पण शेतीच्या हुंड्यांना नऊ महिने दिले, आणि पुढे ते पंधरा केले. पिकाला व्यापाराच्या घाईने पिकविता येत नाही, हे कायदेकारांनी ओळखले होते.

कारखान्याचा फेरा निराळाच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची रक्कम चौदा दिवसांत चुकती करावी लागते, न केल्यास सालीना पंधरा टक्के व्याज चढते. साखर मात्र केंद्राने ठरवून दिलेल्या मासिक कोट्याप्रमाणे वर्षभर थोडथोडी विकावयाची. देणे पंधरवड्याचे आणि येणे वर्षाचे, यांमधील दरी गोदामातील पोत्यांवर घेतलेले मालतारण कर्ज भरून काढते. पोती विकली जातील तसतसे ते फिटत जाते, आणि अल्पमुदतीचे कर्ज असेच फिटावे.

चिंता वाटते ती गावच्या विकास सेवा संस्थेच्या दप्तरात. जिल्हा मध्यवर्ती बँकेचा पैसा संस्थेमार्फत सभासदाला मिळतो, कारखाना ऊसबिलातून संस्थेची बाकी परस्पर वळती करून घेतो, येथवर व्यवस्था निर्दोष आहे; परंतु पावसाने वा भावाने दगा दिला आणि बिल अपुरे पडले, की वसुलीच्या मुदतीपूर्वी चार दिवस हातउसने आणून खाते बेबाक करावयाचे आणि त्याच आठवड्यात नवे कर्ज उचलून ते उसने परत करावयाचे, यालाच गावोगाव ‘नवं-जुनं’ म्हणतात. वेळेवर फेड करणाऱ्याला व्याजात सवलत मिळत असल्याने सभासदाला तसे करणे भाग पडते, आणि मी त्याला दोष देणार नाही. पण असे वर्षानुवर्षे चालले, म्हणजे कागदावर अल्पमुदतीचे असलेले कर्ज वस्तुतः दीर्घ मुदतीचे झालेले असते, आणि त्याला दीर्घ मुदतीचे हप्ते कोणी बांधून दिलेले नसतात. विकलेल्या उसातून आलेली वसुली आणि उसनवारीतून आलेली वसुली खातेवहीत एकाच शब्दाने नोंदली जाते. त्या नोंदीपुढे रक्कम ऊसबिलातून आली की रोखीने, एवढे जरी वार्षिक अहवालात छापले, तरी कोणाचे कर्ज खरोखर फिटले आणि कोणाच्या कर्जाचे हप्ते बांधून द्यावयास हवेत, हे सभासदांना वार्षिक सभेतच समजेल.