जुनिपर बोन्साय : जिवंत शिरेचा शोध

जानेवारी २०१९ मधली गोष्ट. तोक्योला लागून असलेल्या सायतामा प्रांतात, कावागुची इथल्या एका बोन्साय-बागेतून सात झाडं चोरीला गेली. त्यांतलं एक सुमारे चारशे वर्षांचं शिंपाकू जुनिपर होतं, किंमत एक कोटी येनच्या वर. मालकांनी समाजमाध्यमावरून चोरांनाच साकडं घातलं : झाडं परत करा, नाहीतर निदान त्यांना पाणी तरी घाला. ही विनवणी जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. वाचणाऱ्याला ती भाबडी वाटली असेल, पण ज्यानं जुनिपर वाढवलंय त्याला त्यातली धास्ती लगेच कळते. पाण्यावाचून या झाडाची मुळं वाळली तरी पानं कित्येक आठवडे हिरवीच दिसतात. आपल्या हातात मेलेलं झाड आहे, हे चोराला कळलंही नसतं.

आपल्याकडे बोन्सायसाठी सर्रास वापरतात ते वड-उंबर तक्रार ताबडतोब करतात. पानं माना टाकतात, पिवळी पडतात, गळतात. जुनिपर मात्र शेवटपर्यंत काही कळू देत नाही. उलट ज्याला आपण मेलेलं म्हणू, त्या पांढऱ्याफटक लाकडावरच त्याचं सौंदर्य उभं असतं. त्यामुळे जुनिपरची निगा आणि त्याची घडण या दोन्हींचा पाया एकच : झाडात जिवंत काय आणि मेलेलं काय, हे नुसत्या हिरवेपणावर न जाता ओळखणं.

कड्यावरून कुंडीत

बोन्सायच्या दुनियेत जुनिपर म्हटलं की आधी शिंपाकू आठवतं. हा चिनी जुनिपरचा पहाडी प्रकार. त्यातही निईगाता प्रांतातल्या इतोइगावा भागातलं शिंपाकू सर्वांत नावाजलेलं, कारण त्याची पानं बारीक, दाट आणि तजेलदार हिरवी. तिथल्या म्योजो डोंगराच्या चुनखडीच्या उभ्या कड्यांवर ही झाडं फटीफटींतून वाढत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्राहक दोराला लटकून ती काढत. काहींनी या कामात जीवही गमावला. पुढे डोंगरावरची चांगली झाडं जवळजवळ संपली. आज बाजारात येणारं इतोइगावा शिंपाकू बहुतेक फाटे लावून वाढवलेलं असतं. जाड खोडाच्या पण भरड पानांच्या जुनिपरवर त्याचं कलमही करतात.

कड्यावरच्या झाडाला पांढरं लाकूड येतं कुठून? जुनिपरमध्ये पाण्याची वाट बरीचशी सरळ असते. ज्या बाजूचं मूळ, त्याच बाजूच्या फांद्या. कोसळत्या दगडानं किंवा दुष्काळानं एका बाजूचं मूळ मेलं, की खोडाचा तेवढाच पट्टा मरतो. बाकीचं झाड जगत राहतं. मेलेल्या पट्ट्याची साल गळते, ऊन-बर्फात लाकूड पांढरं पडतं. जुनिपरचं लाकूड राळयुक्त आणि चिवट असल्यामुळे ते सहजी कुजत नाही. उरलेला जिवंत पट्टा मात्र दरवर्षी जाड होत फुगतो आणि पांढऱ्या लाकडाभोवती पीळ घेत चढतो. हीच जिवंत शीर. पुष्कळदा तिची रुंदी खोडाच्या घेराच्या चौथाईहूनही कमी असते, आणि वरचा सगळा हिरवा डोलारा तिच्यावर पोसला जातो.

बळ पानांत

जुनिपर आपलं बळ मोठ्या प्रमाणात पानांत राखून ठेवतं. म्हणून कातरीचा पहिला नियम : एका वेळी फार हिरवं काढू नका. आणि फांदीवर थोडी तरी पालवी ठेवाच. पार उघड्या केलेल्या जुन्या फांदीवर जुनिपर सहसा नवा कोंब फोडत नाही, ती फांदी गेलीच. छाटणी अति झाली तर झाड ते वेगळ्या तऱ्हेनं दाखवतं. खवल्यांसारख्या मऊ पानांऐवजी बोचरी, सुईसारखी पानं येऊ लागतात. ती कापत बसू नये. झाडाला स्वस्थ वाढू दिलं, की वर्षा-दोन वर्षांत खवल्यांची पानं परततात.

पूर्वी सगळे शेंडे बोटांनी खुडण्याची पद्धत होती. आता जाणकार ती टाळतात, कारण सरसकट खुडण्यानं झाड थकतं आणि खुडलेली टोकं तपकिरी पडतात. त्याऐवजी झुपक्याबाहेर पळालेले लांब शेंडेच तेवढे कातरीनं, दोन पानांच्या मधल्या बेचक्यात कापावेत. आतल्या बारीक फुटीला ऊन पोचावं म्हणून झुपके विरळ करायचे, हा छाटणीचा खरा हेतू.

जुनिपर दिवाणखान्यात ठेवायचं झाड नव्हे. त्याला उघडं आकाश, वारा आणि दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन हवं. जपानी बागांत त्याला अकादामा ही दाणेदार माती, प्युमिस आणि लाव्हाखडी यांचं मिश्रण देतात. आपल्याकडे विटांचे तुकडे, भरड वाळू आणि थोडं शेणखत चालतं, पण सगळं चाळून धूळ काढून टाकलेलं हवं, कारण चिखल झाला की मुळं गुदमरतात. पाण्याला वेळापत्रक नको. वरचा थर सुकू लागलेला बोटाला जाणवला, की तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत घालावं. कुंडी बदलणं तीन ते पाच वर्षांनी, आपल्या हवेत थंडी सरताना. त्या वेळी जुनी माती एकदम पूर्ण धुऊन काढू नये. आणि ज्या वर्षी मुळं कापली, त्या वर्षी मोठी घडण करू नये.

पांढरं लाकूड घडवताना

मेलेल्या फांदीला जिन म्हणतात आणि खोडावरच्या सोललेल्या पट्ट्याला शारी. जिन सोपं : नको असलेली फांदी बुडाशी न कापता थोटूक ठेवायचं, बुडाभोवती चाकूनं गोल खाच घ्यायची, साल सोलायची आणि पकडीनं लाकडाचे धागे टोकाकडून ओढून फाडायचे. फाटलेलं लाकूड नैसर्गिक दिसतं, करवतीनं कापलेलं दिसत नाही.

शारीला मात्र धीर लागतो. आधी प्रत्येक मुख्य फांदीपासून खाली मुळापर्यंत शीर शोधायची, मग खडूनं रेघ आखायची आणि सुरुवातीला अगदी अरुंद पट्टी सोलायची. झाड सावरलं, की पुढच्या वर्षी ती थोडी रुंद करायची. घाईनं रुंद शारी काढताना शीर तुटली, तर तिच्यावरची फांदी जाते, आणि त्याची वर्दी नेहमीप्रमाणे उशिरा मिळते.

सोललेलं लाकूड टिकावं म्हणून चुना-गंधकाचं द्रावण ब्रशनं लावतात. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, रंग आधी पिवळा दिसतो, उन्हात पांढरा होतो. भगभगीत पांढरेपण मोडायला त्यात चिमूटभर काजळी मिसळतात. माती आणि जिवंत साल झाकून घ्यायला विसरू नये. शेवटी शिरेवरची सुटी साल हलक्या ब्रशनं काढली, की खालचा तांबूस रंग पांढऱ्याशेजारी उठून दिसतो.

तारेची जाडी वाकवायच्या फांदीच्या साधारण एक-तृतीयांश घ्यावी आणि वेढे पंचेचाळीस अंशांत द्यावेत. तांब्याची तार घट्ट धरते, ॲल्युमिनियमची नवशिक्याच्या हाताला सोपी. जाड फांदी वाकवण्याआधी राफियाचे ओले धागे गुंडाळतात, म्हणजे साल फाटत नाही. तार सालीत रुतण्याआधी तुकडे करून कापावी. उलगडू गेलं तर फांदी मोडते.

या कलेला १९८०च्या सुमारास वेगळं वळण दिलं ते ओमियाच्या मासाहिको किमुरा यांनी. १९२३च्या भूकंपानंतर तोक्यो सोडलेल्या माळ्यांनी १९२५ मध्ये ओमियाचं बोन्साय-गाव वसवलं होतं. तिथेच तोजु-एन बागेत किमुरा कोवळ्या वयात शागिर्द झाले. त्यांनी विजेवर चालणारी हत्यारं जुनिपरच्या मेलेल्या लाकडावर चालवली. परंपरावादी नाराज झाले, पण झाडं पाहून जग थक्क झालं. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या जॉन नाका यांचं ‘गोशिन’ : फोमिना जातीच्या अकरा जुनिपरांचं, नातवंडांची आठवण जपणारं वन. नाटकी पीळ नसलेली ती उंच सरळ खोडं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आजही उभी आहेत.

आपल्या गच्चीवर

मुंबईच्या दमटपणापेक्षा पुणे-नाशिकची कोरडी थंडी जुनिपरला मानवते. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाला शेडनेट बांधावी. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नये, संततधारेत कुंडी एका बाजूनं उचलून तिरकी ठेवावी. उन्हाळ्यात हिरवा रंग मळकट वाटला, की फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. हलणारे ठिपके पडले तर तो लाल कोळी. पानांवर जोरानं पाणी मारलं तर तो बराच आवरतो. खत म्हणून पेंड पुरते, वाढीच्या दिवसांत.

पहिलं जुनिपर घेताना पिळदार छोट्या बोन्सायच्या मोहात न पडता रोपवाटिकेतलं साधं, झुडपासारखं, बुडाशी जाड खोडाचं रोप घ्यावं. पहिलं वर्ष फक्त ते जगवण्यासाठी. टोकांना फिकट पोपटी वाढ दिसत असेल, तर मुळं काम करताहेत. हिरवा रंग नव्हे, वाढ हाच जुनिपरच्या जिवंतपणाचा पुरावा. तो हाती आला, की मगच तार आणि चाकू बाहेर काढावा. प्रदर्शनात शिंपाकू दिसलं, तर पांढऱ्या लाकडाचं कौतुक करण्याआधी मुळापासून तांबूस शीर धरून नजर वर न्यावी. ती न तुटता पालवीपर्यंत पोचत असेल, तर घडवणाऱ्याला झाड कळलंय.