जीव वांचल्यावर पुढें काय?

परीक्षेचा निकाल लागतो, घरांत बोलाचाली होते, आणि कोवळ्या वयाचें मूल जीव देऊं पाहतें. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत डॉक्टर शर्थ करून प्राण वांचवितात. मग आईबापांस घाई होते ती मूल घरीं नेऊन झाल्या प्रकारावर पडदा टाकण्याची. ही घाई समजण्यासारखी असली तरी घातक आहे. निकाल हें केवळ निमित्त. कारण बहुधा आधींपासून मनांत साठलेलें असतें. तें तसेंच राहिल्यास घरीं परतल्यानंतरचे पहिले आठवडे पुन्हां धोक्याचे ठरतात.

विचारल्यानें नसता विचार मुलाच्या डोक्यांत शिरेल, अशी भीति पुष्कळांस वाटते. ती निराधार आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें मुलांच्या तातडीच्या विभागांसाठीं चार सरळ प्रश्नांची चाचणी तयार केली, ती इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. 'मरून जावें असें अलीकडे वाटलें काय?' अशा धर्तीचे हे प्रश्न आईबापांस बाहेर बसवून विचारावयाचे असतात. एकाचेंही उत्तर 'होय' आलें तर सविस्तर तपासणी झालीच पाहिजे.

घरीं सोडण्यापूर्वीं मुलाबरोबर बसून एक छोटी योजना लिहून काढतात: मन खचूं लागल्याची खूण कोणती, त्या वेळीं काय करावें, कोणास हांक मारावी. आईबापांस औषधें व कीटकनाशकें कुलुपांत ठेवण्यास सांगतात. आवेगाची लाट पुष्कळदां थोड्या वेळांत ओसरते. तेवढ्यांत साधन हातीं न लागणें हेंच मोठें रक्षण. मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटीचा दिवसही तेथेंच ठरवून घ्यावा.

शिक्षेच्या भयानें रुग्णालय टाळण्याचें आतां कारण नाहीं. इ. स. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशा मनुष्यास तीव्र ताणाखालीं असल्याचें गृहीत धरलें. आणि जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत जुनें ३०९ वें कलम उरलेलें नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेली सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते.

राहतां राहिलें घर. साम, दान, दंड, भेद या चार उपायांपैकीं येथें पहिलाच काय तो उपयोगी. 'आमचें नांव घालविलेंस' हें वाक्य ओठांवर आलें तरी गिळावें. 'तूं आहेस हें फार बरें झालें' एवढें म्हणावें, आणि मग मुलाचें बोलणें ऐकत बसावें.