फिरत्या पीडीएफ आणि एकवीस दिवस

१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. पुस्तकांची एवढी दुकाने एका जागी पाहायला मिळणे ही जिल्ह्यातील वाचकांसाठी अपूर्वाई होती. पुढे अडीच महिन्यांतच टाळेबंदी लागली. दुकाने आणि ग्रंथालये बंद झाली आणि मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून जोरात फिरू लागल्या. भूम तालुक्यातल्या ईटमधल्या वाचकाच्या मोबाइलवरही गाजलेली कादंबरी पुण्यातल्या वाचकाइतक्याच लवकर येऊन पडू लागली. टाळेबंदी उठली, पण ही देवघेव थांबली नाही.

या देवघेवीबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, ही सरळ चोरी आहे. दुसरे म्हणते, खेड्यातल्या वाचकाला पुस्तक मिळत नसेल तर त्याने काय करावे? दोन्ही मतांत तथ्य आहे. नवी कादंबरी हवी असेल तर ईटच्या माणसाला बार्शी किंवा धाराशिव गाठावे लागते, नाहीतर टपालाची वाट पाहावी लागते. दुसरीकडे, मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींच्या आतबाहेरची असते. त्यातल्या दोनशे प्रती पडून राहिल्या तरी दुसरी आवृत्ती अडते आणि लेखकाचे मानधनही थांबते.

कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल, तर कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘निट प्रो’ प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. अभ्यासासाठी किंवा खासगी वापरासाठी सवलत आहे. पण संपूर्ण पुस्तक दोनशे जणांच्या गटात टाकणाऱ्याला तिचा आधार घेणे अवघड आहे.

चित्रपटांच्या बाबतीत कायदा याहून कडक होत गेला. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना आवरण्यासाठी महाराष्ट्राने १९८१ साली केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने ‘व्हिडिओ पायरेट्स’ही आले. म्हणजे खटला चालण्यापूर्वीच माणसाला वर्षभरापर्यंत अडकवून ठेवता येते. २०१७ मध्ये महाराष्ट्र सायबरच्या अखत्यारीत बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी वेगळे पथक उभे राहिले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका चित्रपट कंपनीच्या दाव्यात नवी तजवीज केली. बंद केलेले संकेतस्थळ नाव बदलून पुन्हा उगवले, तर प्रत्येक वेळी नवा दावा न लावता ते त्याच आदेशाखाली आणता येईल. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने तर दंडाची कमाल मर्यादा चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत नेली.

एवढ्या हत्यारांपैकी मराठी लेखकाच्या हाती काय लागते? २०१३ च्या प्रताधिकार नियमांप्रमाणे त्याने संकेतस्थळाला किंवा अ‍ॅपच्या कंपनीला रीतसर लेखी तक्रार द्यायची. कंपनीची तक्रारीबद्दल खात्री पटली, तर तिने छत्तीस तासांत तो मजकूर अडवायचा. मात्र एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश हजर केला नाही, तर कंपनी मजकूर पुन्हा खुला करू शकते. दावा लेखकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. म्हणजे ईटच्या लेखकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पण वकील, मुद्रांक, तारखा आणि समोर परदेशातली कंपनी हे सगळे एकवीस दिवसांत बसवायचे. चित्रपट कंपनीच्या विधी विभागाचे हे रोजचे काम असते. ज्या लेखकाचे वर्षाचे मानधन वकिलाच्या पहिल्या फीइतकेही नाही, तो तक्रार देऊन गप्प बसतो.

तरीही लढणाऱ्याला न्याय मिळतच नाही, असे नाही. स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या नीतू सिंग यांची व्याख्याने आणि पुस्तके टेलिग्रामवर फिरत होती. वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती देता येणार नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. ३० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती माहिती सीलबंद पाकिटात देण्याचा आदेश दिला. मात्र तिथवर पोचण्याची ऐपत शिकवणीच्या व्यवसायात असते, कवितासंग्रहात नसते.

कायद्याची दुसरी बाजू वाचकाची आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत असताना ती वाढवण्यात आली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची आहे. तिची पीडीएफ पाठवणारा कोणाचेही काही चोरत नाही. फक्त एखाद्या आवृत्तीतील नवी प्रस्तावना किंवा चित्रे यांचा हक्क वेगळा असू शकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०३० च्या आरंभी खुले होईल. पु. ल. देशपांडे यांच्यासाठी २०६१ उजाडावे लागेल.

ग्रंथालयांनाही कायद्याने मोकळीक दिली आहे. जे पुस्तक भारतात विकतच मिळत नाही, त्याच्या तीन प्रतींपर्यंत नकला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी करता येतात. आपल्याकडील छापील पुस्तक जतनासाठी डिजिटल रूपात साठवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. आवृत्ती संपलेल्या मराठी पुस्तकांची आपल्याकडे जी परवड होते, तिच्यावर हा कायदेशीर उपाय आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्वतःची पुस्तके मोफत देते, विश्वकोश खुला आहे आणि ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांची परवानगी घेऊन पुस्तके वाटते.

म्हणून शिक्षा आणखी वाढवल्याने मराठी लेखकाचे भले होईल, असे मला वाटत नाही. आहे ती शिक्षाच त्याच्या वतीने मागायला कोणी नाही. लेखक-प्रकाशकांच्या संस्थांनी एकत्र तक्रार-कक्ष चालवला आणि एकाच वकिलामार्फत अनेकांचे दावे लढवले, तर ते एकवीस दिवस पुरतील. आणि तालुक्याच्या, मोठ्या गावांच्या ग्रंथालयांत नवी पुस्तके वेळेवर पोचली, तर ‘मिळत नाही म्हणून’ हे कारण उरणार नाही. तोवर गटात पीडीएफ आली की वाचकाने लेखकाचे निधनवर्ष पाहावे आणि साठ वर्षे मोजावीत. लेखक हयात असेल आणि परवानगीचा उल्लेख नसेल, तर ती पुढे पाठवू नये. ते पुस्तक आपल्या ग्रंथालयाच्या मागणीवहीत लिहावे.