हार घालण्यापूर्वी

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांमध्ये जवळपास एकच कार्यक्रम होतो. कार्यालयातून लोकमान्य टिळकांची तसबीर येते. त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे यांची जयंती असल्यामुळे त्यांचीही तसबीर शेजारी मांडली जाते. टेबलावर चादर, उदबत्ती, नारळ. मुख्याध्यापक हार घालतात आणि मग 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात करून मुले एकामागून एक भाषणे म्हणतात. करतात असे नव्हे, म्हणतात. पाच भाषणे झाली तर पाचही भाषणांत टिळकांचा जन्म रत्नागिरीला होतो आणि पाचही भाषणांत ते शेंगांची टरफले उचलायला नकार देतात. चौथ्या मुलाला मध्येच आठवेनासे होते, तेव्हा तो पुन्हा रत्नागिरीपासून सुरू करतो. टाळ्या वाजतात आणि मुले वर्गात जातात.

यात कोणाचा दोष काढायचा नाही. शिक्षक मनापासून हे करतात आणि आईवडील आदल्या रात्री जागून भाषण पाठ करून घेतात. पण त्याच मुलाला दुपारी कोणी विचारले की, टिळकांना सहा वर्षे मंडालेला का ठेवले होते, तर तो गोंधळतो. टरफलांची गोष्ट त्याला ठाऊक असते. अग्रलेख लिहिला म्हणून माणूस तुरुंगात जाऊ शकतो, हे त्याला ठाऊक नसते. नेता त्याच्यापर्यंत तसबिरीच्या काचेपर्यंतच पोचलेला असतो. पुढे हाच मुलगा मोठा होतो. तोवर चौकाचौकांतून त्याला सांगितलेले असते की अमुक नेता आपला आणि तमुक नेता त्यांचा. ज्या नेत्याचे काम कधी समजून घेतलेच नाही, त्याची जात किंवा पक्ष तेवढा लक्षात ठेवणे सोपे असते. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासाच्या तासाचा नाही.

किल्ला कोणी शिकवला?

याला आपल्याकडे एक सुंदर अपवाद आहे आणि तो शाळेबाहेरचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात, नाहीतर इमारतीच्या कोपऱ्यात किल्ला करतात. कोणी गृहपाठ दिलेला नसतो, गुणही मिळायचे नसतात. विटा, दगड, पोती, माती गोळा होते. हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी पेरली जाते. वर सिंहासनावर महाराज आणि वाटेवर मावळे बसतात. या चिखलात मुले जे शिकतात ते शिकवून येत नाही. दरवाजा समोर ठेवला तर शत्रू सरळ आत येईल, हे तिथे कळते. मग रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड का दडवला आहे, हे कोणी न सांगता समजते. टाके खणून पाणी ओतावे तर ते जिरून जाते. 'मग गडावर पाणी कुठून येत असेल?' असा प्रश्न एखादी चिमुरडी विचारते, तेव्हा ती थेट राज्यकर्त्याचा प्रश्न विचारत असते. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, असे आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी बजावले आहे, ते उगाच नव्हे.

थोडक्यात, हात कामाला लागले की मूल नेत्यासमोरच्या अडचणीपाशी जाऊन पोचते. थोर माणसांची उत्तरे आपण मुलांना पाठ करायला देतो. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र सांगायचा राहून जातो. किल्ल्याच्या खेळात मुलाला आधी प्रश्न भेटतो. हीच रीत वर्गात आणता येईल का?

यात नवे काही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, तिचे मर्मच हे होते की हाताच्या कामातून सगळे विषय शिकावेत. आणि गंमत अशी की, ज्या माणसाने हे सांगितले, तोच आज आपल्या मुलांना गाळलेल्या जागा भरून शिकावा लागतो.

मिठाचे गणित

तेव्हा सुरुवात गांधीजींपासूनच करू. दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाली आणि ५ एप्रिलला दांडीला पोचली. सोबत ७८ जण होते. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, दिवस २४. भागाकार केला की रोजचे सोळा किलोमीटर येतात. मुलांना हा आकडा म्हणजे केवळ आकडा वाटतो. पण शाळेच्या मैदानाची एक फेरी २०० मीटरची असेल आणि वर्गातल्या ४० मुलांनी रोज दोन-दोन फेऱ्या घातल्या, तर सगळ्यांच्या मिळून बरोबर सोळा किलोमीटर होतात. म्हणजे सगळा वर्ग मिळून रोज एका दिवसाची यात्रा चालतो. भिंतीवर गुजरातचा नकाशा लावावा आणि रोज लाल दोरा पुढे सरकवावा : नडियाद, आणंद, बोरसद, मही नदी, भरूच, सुरत, नवसारी. साठी उलटलेला एक माणूस हे अंतर एकटाच रोज चालत होता, हे पाय दुखू लागले की वेगळे सांगावे लागत नाही.

दोरा दांडीला पोचेल त्या दिवशी मीठ करावे. समुद्र जवळ नसला तरी अडत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लिटरभर पाण्यात सहा-सात लहान चमचे मीठ विरघळवून ते पसरट ताटांत घालून उन्हात ठेवावे. दोन-तीन दिवसांत ताटाच्या कडेला पांढरे कण दिसू लागतात. तेव्हा कोणीतरी म्हणतेच, 'समुद्र फुकट, ऊन फुकट. मग सरकारला पैसे कशाचे?' झाले! १८८२ च्या कायद्याने मिठावर सरकारची मक्तेदारी आली होती, हे त्या क्षणी सांगावे. आधी सांगितले असते तर ते वहीत गेले असते. आता डोक्यात जाते. मग आपल्या शिरोड्याचा आणि मुंबईत वडाळ्याचा मिठाचा सत्याग्रहही नकाशावर आणता येतो.

एखादी मुलगी असेही विचारील की त्या ७८ जणांत बायका किती होत्या? एकही नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी याबद्दल गांधीजींपाशी नाराजी व्यक्त केली होती आणि पुढे सत्याग्रहात स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या. हे दडवू नये. नेत्याला प्रश्न विचारता येतो आणि विचारल्यावरही त्याचा मोठेपणा उरतो, हे कळायला हे वय योग्य आहे.

लाल पेन्सिल

टिळकांसाठी वर्गाचे एक भित्तिपत्रक काढावे. दोन मुले संपादक, एक मुलगा 'सरकार'. सरकारच्या हातात लाल पेन्सिल. नियम एकच : सरकारला न आवडणारे वाक्य खोडले जाईल. विषय मुलांच्या जिव्हाळ्याचा हवा. मधली सुट्टी दहा मिनिटांनी कमी केली, अशी कल्पना करा आणि त्यावर अग्रलेख लिहा. पहिल्या दिवशी निम्मा मजकूर लाल होतो. दुसऱ्या दिवशी मुले आडवळणाने लिहू लागतात, गोष्टी रचतात, उपरोध शिकतात. तिसऱ्या दिवशी 'सरकार' झालेला मुलगाच कंटाळतो, कारण त्याच्याशी कोणी डबा वाटून घेत नाही.

मग १९०८ साल सांगावे. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीतले अग्रलेख, त्यांवरून चाललेला राजद्रोहाचा खटला, सहा वर्षांची शिक्षा आणि मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेले गीतारहस्य. त्या पेन्सिलीचा अर्थ आता मुलांना लागतो.

पाण्याची यादी

सगळे विषय असे खेळकरपणे हाताळता येत नाहीत. डॉ. आंबेडकरांविषयी शिकवताना तर फार जपावे लागते. अमेरिकेत १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आयोवातल्या एका लहान गावातील शिक्षिका जेन एलियट यांनी तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका गटाला वरचे मानले, दुसऱ्याला खालचे. थोड्याच वेळात चांगली मुले एकमेकांना हिणवू लागली. हा प्रयोग जगभर गाजला, पण लहान मुलांना असे दुखावणे योग्य का, हा वादही तेव्हापासून चालू आहे. आपल्या वर्गात तर हा धोका दुप्पट आहे. ज्याने घरी खरीच जखम पाहिली आहे, त्याला वर्गात तिचा खेळ पाहावा लागू नये.

म्हणून एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. प्रत्येक मुलाने एका दिवसात आपण कुठेकुठे पाणी प्यायलो, याची यादी करावी. घरचा माठ, शाळेचा नळ, मित्राचे घर, हॉटेल, एस.टी. स्थानक. फळ्यावर सगळ्यांची मिळून एक यादी होते. मग शिक्षकांनी खडूने त्यातली एकेक जागा खोडत जावे : शंभर वर्षांपूर्वी अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला इथे पाणी मिळाले नसते, इथेही नाही. शेवटी शाळेच्या नळापाशी यावे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. बसायला घरून आणलेले गोणपाट. वर्ग इथे गप्प होतो आणि त्याला गप्प राहू द्यावे.

नंतर महाडच्या चवदार तळ्याचा नकाशा काढावा. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह शिकताना हुशार मुले एका गोष्टीशी अडतात : तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने तर आधीच केला होता, मग सत्याग्रह कशाला? ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते, त्या दोहोंमधले अंतर चालून जावे लागले. त्यानंतरही कोर्टकचेरी झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. नागरिकशास्त्राचे अर्धे पुस्तक या एका प्रश्नात आहे.

सोळा फुटांची दोरी

शेवटचा उपक्रम जिंकलेल्यांचा तसाच हरलेल्यांचाही आहे. वर्गाच्या भिंतीला सोळा फुटांची दोरी बांधावी. एक फूट म्हणजे दहा वर्षे. पहिली चिठ्ठी १८४८ ची : पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८८२ : जोतीरावांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९०६ : सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात ते सक्तीचे केले. १९११ : गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. १९१७ : शाहू महाराजांनी करवीर संस्थानात कायदा केला. १९५० : राज्यघटनेने दहा वर्षांत हे साधण्याचा प्रयत्न करायला सांगितले. २००२ : घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाला. २००९ : शिक्षण हक्क कायदा.

गोखल्यांच्या चिठ्ठीपाशी थांबून वर्गाचे कायदेमंडळ भरवावे. खर्च कोण करणार, नवे कर बसतील, लोकांची अजून तयारी नाही, असे आक्षेप काही मुलांनी घ्यावेत. बाकीच्यांनी उत्तरे द्यावीत. १९१२ साली प्रत्यक्षात मते पडली ती १३ विरुद्ध ३८. गोखले हरले, १९१५ मध्ये गेले. आणि दोरीवर त्यांच्यानंतर नव्वदहून अधिक वर्षे लोंबकळतात. नेता म्हणजे नेहमी जिंकणारा माणूस नव्हे, हे इथे मुलांना डोळ्यांनी दिसते.

त्याच दोरीला प्रत्येकाने आपल्या आजीची एक चिठ्ठी लावावी : आजीची शाळा कोणत्या साली आणि कशामुळे सुटली. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्या आसपास होती. शाळाच न पाहिलेली पणजी, चौथीत काढून घेतलेली आजी, दहावीनंतर थांबलेली आई अशा चिठ्ठ्या लागत जातात, तेव्हा सावित्रीबाईंचे काम कोणासाठी होते, हे त्या घरच्या चिठ्ठ्याच सांगतात.

वेळ कुठून आणायचा?

शिक्षक म्हणतील, पोर्शन कोण पुरा करणार? अडचण खरी आहे. साठ मुलांच्या वर्गात तर आणखी खरी. पण दांडीचा भागाकार गणिताच्या तासाचा आहे, मीठ विज्ञानाचे, भित्तिपत्रक मराठीचे आणि नकाशा भूगोलाचा. नई तालीममध्ये याला समवाय म्हणत. वेगळा तास मागायची गरज नाही, तासांमधल्या भिंती थोड्या कमी कराव्या लागतील.

दुसरा धोका पालकांकडून आहे. शाळेने 'प्रकल्प' म्हटले की आपण स्टेशनरीच्या दुकानातून नेत्यांचे तयार तक्ते आणतो, रात्री अकराला आई कातरते, बाबा चिकटवतात आणि मूल झोपलेले असते. वेशभूषा स्पर्धेसाठी भाड्याचा चष्मा आणि काठी आणली की गांधीजी तयार. त्यापेक्षा एखाद्या रविवारी मुलाला घेऊन गावातल्या पुतळ्यापाशी जावे आणि चौथरा वाचायला सांगावा. पुतळा कोणी उभारला, कोणत्या साली, अनावरण करणाऱ्या मंत्रिमहोदयांचे नाव मोठे की ज्यांचा पुतळा त्यांचे? हातात काय आहे, पुस्तक की तलवार, आणि का? घरी येताना मूल जे प्रश्न विचारील, त्यांतले निम्मे आपल्यालाही येणार नाहीत. तेव्हा घाईने काहीतरी सांगून मोकळे होऊ नये. दोघांनी मिळून वाचनालयात जावे.

हार घालायला कोणाची हरकत नाही. फक्त ज्याच्या गळ्यात तो पडणार, त्याला आयुष्यात काय अडले होते, एवढे मुलाच्या हातांना आधी कळलेले असावे.