उभं इंजिन कशाच्या जोरावर उभं राहतं?

८ नोव्हेंबर २०१७. सोलापूर विभागातलं वाडी जंक्शन. चेन्नई–मुंबई मेल आली. वाडीहून सोलापूरकडे तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, त्यामुळे विजेचं इंजिन काढून डिझेल जोडायचं हा रोजचाच क्रम. इंजिन सुटं झालं, लोको पायलट उतरला, आणि थोड्या वेळाने ते रिकामं इंजिन आपोआप चालू लागलं. पुढच्या स्टेशनांना कळवून मार्ग मोकळा केला गेला, समोरच्या गाड्या रोखल्या गेल्या. एका रेल्वे कर्मचाऱ्याने मोटारसायकलवरून पाठलाग केला. सुमारे १३ किलोमीटरवर, नालवारजवळ, वेग मंदावला तसा तो वर चढला आणि त्याने इंजिन थांबवलं.

सोलापुरात आम्ही रेल्वेवेडे जमलो की हा विषय निघतोच, आणि कुणीतरी नवखा विचारतोच: ड्रायव्हर नसताना एवढं धूड हलतं कसं?

पोलादी चाक पोलादी रुळावर फार सहज फिरतं. टनामागे अडीच किलोंचा विरोध धरा. १२० टनांचं इंजिन सपाटीवर सरकतं ठेवायला ३०० किलोंचा जोर पुरतो. आता ४०० मीटरला १ मीटर उतार घ्या. तिथे वजनाचा चारशेवा भाग, म्हणजे तेवढेच ३०० किलो, इंजिनाला खाली ओढतात. विरोध आणि ओढ समसमान! स्टेशनच्या यार्डात ४०० ला १ पेक्षा तीव्र उतार नको, शक्यतो १२०० ला १ असावा, हा रेल्वेचा दंडक यासाठीच. एवढा उतार डोळ्यांना दिसतही नाही.

मग इंजिनाला धरून ठेवतो तो ब्रेक. पण इंजिनाचा रोजचा ब्रेक चालतो दाबाच्या हवेवर. पेंटोग्राफ, म्हणजे छपरावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, खाली घेतला की कंप्रेसर बंद. साठवलेली हवा सांध्यासांध्यांतून झिरपत जाते, ब्रेकची पकड सैल होत जाते. बाहेरून काहीच कळत नाही, आणि हीच मला सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटते. म्हणून इंजिन सोडून जाताना हवेवर विसंबायचं नसतं. जुन्या इंजिनांत हातब्रेक आवळायचा. नव्यांत पार्किंग ब्रेकची स्प्रिंग असते: हवेचा दाब तिला मागे रेटून ठेवतो, हवा गेली की स्प्रिंगच ब्रेक आवळते. शिवाय चाकांखाली लाकडी गुटके. चाक हलायच्या आधी हातभर लाकूड पुरतं. वेग आल्यावर नाही. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआहून खडीने भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी अशीच चालकाविना निघाली, ती ७० किलोमीटरहून अधिक अंतर तोडून पंजाबात उंची बस्सीला थांबवता आली.

सुटलेलं इंजिन मंदावतं तेही त्याच हिशेबाने. उतार सरला की ओढ संपते, विरोध तेवढा उरतो आणि वेग खात राहतो. पाठलाग करणाऱ्याला नेमका तो क्षण साधावा लागतो: आधी झेप घेतली तर चाकाखाली, उशीर केला तर पुढचा उतार.